दादाच्या गुडघ्याचा अंक

कार्डांच्या अंतिम सामन्यात बारक्या जिंकला.

आता हे वाक्य विसरा. धुलाई कारखान्यातले सगळे ते विसरलेत, तुम्हालाही जमेल. हवं तर फाटकावर जाऊन विचारा. हजेरीसाहेब म्हणतील, कसला सामना? प्रेसवाल्या मावशी म्हणतील, त्या दिवशी मी रजेवर होते. आणि मावशींनी जन्मात रजा घेतलेली नाही. बॉयलरकाकांना विचारलंत तर ते एक चावी फिरवतील, मोठ्ठा आवाज करत वाफ सुटेल आणि तुमचा प्रश्न त्या वाफेत विरघळून जाईल. खुद्द बारक्याला विचारू नका. तर सामना झाला नाही, कुणी जिंकलं नाही, आणि कप म्हणून कुणाला काही देण्यात आलं नाही. एवढं पक्कं ठरवलं की पुढचं सांगायला सोपं जातं.

हा कारखाना इस्पितळांच्या चादरी धुतो. एका बाजूने मळके गाडे आत येतात, दुसऱ्या बाजूने पांढऱ्या घड्या बाहेर पडतात, आणि मधे काय घडतं ते जेवताना बोलायचं नाही. कारखान्याचा बेसबॉलचा संघ आहे. फार बरा नाही. पण त्याच्याइतके पांढरे गणवेश अख्ख्या लीगमध्ये कुणाचे नाहीत, त्यामुळे हरताना तो लांबूनही ओळखू येतो.

संघाचा कॅचर म्हणजे बारक्याचा थोरला भाऊ. त्याला सगळा कारखाना दादाच म्हणतो, त्याच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. कॅचर म्हणजे विकेटकीपर समजा, फक्त तो सामनाभर उकिडवा बसतो. बसायचं, चेंडू झेलायचा, उठायचं, फेकायचा, परत बसायचं. देवाने गुडघा घडवला तेव्हा हा उपयोग त्याच्या डोळ्यांपुढे नसणार. कामावर दादा गाडीतून चादरींचे गठ्ठे इस्पितळांत पोचवतो, म्हणजे तिथेही उचलणं आणि जिने. थोडक्यात, हा सगळा माणूस त्या दोन गुडघ्यांवर उभा होता.

मैदान बंद असतं त्या महिन्यांत संघ जेवणाच्या सुट्टीत घड्यांच्या लांब टेबलावर खेळतो. तिथे माणसांऐवजी कार्डं असतात. लीगमधल्या प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, साबणाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापलेलं. त्यावर त्याने मागच्या हंगामात काय दिवे लावले त्याचा सारांश असतो: दोन फाशांची बेरीज इतकी आली तर बाद, इतकी आली तर धाव, इतकी आली तर चेंडू कुंपणाबाहेर. ज्याने त्याने आपापल्या संघासाठी कार्डं आळीपाळीने निवडायची आणि फासे टाकायचे. यात पुष्कळदा असं होतं की माणूस दुसऱ्याच्या संघात असतो, आणि स्वतःच्या हाताने स्वतःला बाद करून तो निमूट चादरी वाळवायला परत जातो.

प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात तांबड्या शाईने एक अंक असतो. तो दुखापतीचा. दोन्ही फाशांवर सारखेच ठिपके आले की तिसरा, लाल फासा टाकायचा. लाल फाशावरचा आकडा कोपऱ्यातल्या अंकाएवढा किंवा कमी आला, की तो खेळाडू जायबंदी. कार्ड उलटं ठेवायचं, बदली बसवायचा. म्हणजे अंक एक असेल तर माणूस लोखंडाचा, पाच असेल तर काचेचा. शून्य कुणालाच मिळत नाही. शून्य मागायला आलेल्या एका पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, सांगण्यात आलं होतं की आधी मर, मग बघू.

ही सगळी कार्डं बनवते वहिनी, म्हणजे दादाची बायको. ती रफू विभाग सांभाळते. चादर उजेडाला न धरता तिला त्यातलं भोक कळतं. दुखापतीचा अंक काढायचा तिचा नियम सोपा होता: मागच्या हंगामात जितके सामने चुकले, तितका अंक मोठा. आणि त्या अंकाला कारखान्यात फार मान होता. बॉयलरकाका संघाचे प्रशिक्षक. माणसांना विचारण्यात अर्थ नाही, हे ते फार पूर्वी शिकले होते. ज्याला विचारावं तो म्हणतो, काका, मी ठणठणीत आहे, आणि दुसऱ्या डावात त्याला उचलून आणावं लागतं. म्हणून खऱ्या मैदानावरचा संघसुद्धा ते कार्डांवरूनच निवडायचे. अंक चार किंवा वर असेल तर माणूस बाकावर, मग तो कोलांट्या उड्या मारत का येईना.

बारक्याच्या आयुष्यात तोवर विशेष काही घडलं नव्हतं. तो वाळवणी यंत्रावर होता, थोरल्याच्या घरात वरच्या मजल्यावर राहायचा, वहिनीच्या हातचं जेवायचा आणि कार्डांच्या स्पर्धेत नेमाने शेवटचा यायचा. या वर्षी कधी नव्हे ते त्याचं घोडं गंगेत न्हालं आणि तो अंतिम सामन्यात पोचला. समोर प्रेसवाल्या मावशी. त्या मोठ्या इस्त्रीच्या रुळांवर काम करतात आणि माणसाकडेही सुरकुती बघितल्यासारख्या बघतात. कप दरवर्षी त्यांच्याकडेच असायचा. कप म्हणजे जुन्या बॉयलरच्या झडपेचं पितळी चाक, घासून चकाकतं केलेलं.

बारक्याचा सगळा संघ दादाच्या कार्डावर उभा होता. त्याने दादाला सगळ्यांत आधी उचललं तेव्हा लोकांना वाटलं बंधुप्रेम. खरं कारण असं की दादाच्या कार्डावर नऊच्या वर काहीही पडलं की चेंडू कुंपणाबाहेर. आणि कोपऱ्यात अंक एक.

अंतिम सामन्याच्या आठवड्यात वहिनी मळलेली, कोपरे झिजलेली कार्डं नव्याने बनवते. त्या आठवड्यात दादाचं कार्ड नवं होऊन आलं. सगळं तसंच होतं. कोपऱ्यात मात्र तांबडा, सुबक, बाकदार पाच.

बारक्याला तो पाच का आला हे नीट माहीत होतं. त्याच आठवड्यात दादा दात दाखवायला म्हणून गेला होता आणि लंगडत परत आला होता. दात दाखवून आलेला माणूस सहसा लंगडत नाही. मग वरच्या मजल्यावर त्याच्या आणि दादाच्या खोलीमधल्या पातळ भिंतीतून बारक्याने ऐकलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आता उकिडवं बसून जोर लावून उठायचं नाही. लावलाच, तर आत जे एका धाग्यावर लोंबतंय ते तुटेल, आणि मग गठ्ठे उचलायचं काम विसरा. यावर दादाने वहिनीला शपथ घातली होती की यातला एक शब्द कुणाला सांगायचा नाही. हंगाम तेवढा खेळून घेतो, मग बघू.  वहिनी बरं म्हणाली.

तिने शपथ पाळली. एक शब्द सांगितला नाही. एक आकडा लिहिला.

पुढचे दोन दिवस बारक्या वाळवणी यंत्रासमोर उभा राहून गणित करत होता. सामन्यात दादाची पाळी चार वेळा तरी येणार. अंक पाच धरला तर मधेच तो उलटा पडायची शक्यता जवळजवळ निम्मी, आणि बदली म्हणून उरले होते हजेरीसाहेब, ज्यांच्या कार्डावर बारापैकी बारा पडले तरी फक्त एक धाव लिहिली होती, तीही वहिनीने दया येऊन. अंक एक धरला तर दहा सामन्यांतून एखादा वाया. इतका फरक. या गणितात गुडघा कुठे येत नव्हता. गणिताचा हाच तर फायदा असतो.

शेवटी त्याने समितीकडे दाद मागितली.

समिती म्हणजे बॉयलरकाका, हजेरीसाहेब आणि मावशी. ती गठ्ठे वजन करायच्या खोलीत बसते, कारण तिथे दार बंद होतं. मावशी स्वतःच अंतिम सामन्यात असल्याने त्यांना मत देता येणार नव्हतं, म्हणून त्यांनी निःपक्षपातीपणासाठी खुर्ची भिंतीकडे तोंड करून फिरवली आणि संपूर्ण सुनावणी भिंतीकडे बघत ऐकली. अधूनमधून त्या भिंतीला हुं म्हणत होत्या.

बारक्या बोलायला उभा राहिला. तो इतकं सुंदर बोलेल असं कुणाला वाटलं नव्हतं, त्यालाही नाही. तो म्हणाला की नियम सगळ्यांना सारखा. अंक म्हणजे कुणाची लहर नव्हे, चुकलेल्या सामन्यांचा हिशेब. दादाने मागच्या हंगामात एकही सामना चुकवलेला नाही. ताप असताना खेळला, पाहुणे आले असताना खेळला, पूर्वी स्वतःच्या साखरपुड्यालाही उशिरा पोचला होता तो सामना संपवूनच. मग पाच कुठून आला? आज दादाला पाच दिला तर उद्या कुणालाही देतील. पुठ्ठ्यावर विश्वास उरला नाही तर या कारखान्यात उरलं काय?

हजेरीसाहेबांनी मान डोलावली. ती ते दिवसभर डोलावतच असतात, पण या वेळी जास्त. काकांनी वहिनीला बोलावलं.

वहिनी सुई तशीच पदराला टोचून आली होती. काकांनी विचारलं की बाई, पाच कशावरून. ती म्हणाली, तसा अंदाज आहे. काका म्हणाले, अंदाज चालत नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. 

तेव्हा बारक्याने विचारलं. विचारायची गरज नव्हती, काका विचारतच होते. पण त्याने विचारलं.

"वहिनी, आधार काय ते तरी सांग. काही असेल तर सांग ना समितीला."

वहिनीने त्याच्याकडे बघितलं. तिला कळलं की याला माहीत आहे. आणि बारक्याला कळलं की तिला कळलं. खोलीत बाकी कुणाला काहीच कळलं नाही. भिंत हुं ऐकून घेत होती.

"आधार नाही," वहिनी म्हणाली.

मग दादाला आत घेतलं. तो दाराबाहेरच उभा होता, खुशीत. पाच म्हणजे त्याला स्वतःला बाकावर बसावं लागणार होतं, त्यामुळे अर्ज बारक्याचा असला तरी वरात दादाचीच होती. काकांनी विचारलं, काय रे, काही दुखतंखुपतं? दादा म्हणाला, दुखतं ना, तुमचं कोचिंग बघितलं की डोकं दुखतं. मग कुणी सांगितलं नसताना तो खोलीच्या मधोमध उकिडवा बसला, कॅचरसारखा, हात पुढे करून. आणि उठला. उठताना हसत होता. त्याचा डावा हात वजनकाट्याच्या दांड्यावर होता, आणि काटा उगीचच थरथरला. हजेरीसाहेबांनी काट्याकडे बघून म्हटलं, हा पण एकदा तपासून घ्यायला हवा.

वहिनीने तिथेच कार्ड दुरुस्त केलं. पाचावर कागदाचा चौकोन चिकटवला, आणि त्यावर तांबड्या शाईने एक लिहिला. रफू इतकं बेमालूम झालं होतं की आधी तिथे काही होतं असं वाटेना.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत जो सामना झाला नाही, तो असा झाला.

टेबलाभोवती सगळा कारखाना. दादा बारक्याच्या मागे उभा राहून स्वतःच्या कार्डाला आरडाओरडा करून प्रोत्साहन देत होता. पहिल्या पाळीला दादाने, म्हणजे पुठ्ठ्याने, चेंडू कुंपणाबाहेर मारला, आणि दादाने, म्हणजे माणसाने, शेजारच्या गाड्यावरून चादर ओढून ती झेंड्यासारखी फिरवली. ती परत धुवायला गेली. दुसऱ्या पाळीला दोन फाशांवर सारखे ठिपके आले. सगळे टेबलावर वाकले. बारक्याने लाल फासा उचलला. त्याने तो आधी विजारीला पुसला, मग टाकला.

चार.

म्हणजे काही नाही. एकच्या वर. दादाने त्याच्या पाठीत धपाटा घातला. मावशी म्हणाल्या, वाचला मेला. बारक्यालाही हसू आलं, आणि मग ते अर्ध्यातच अडकलं. चार. पाचापेक्षा कमी. कोपऱ्यात खरा अंक असता तर हे कार्ड आता उलटं पडलं असतं.

शेवटच्या डावात बारक्या एका धावेने पुढे होता आणि दादाची पाळी राहिली होती. पुढे आहेस, आता त्याला काढ आणि हजेरीसाहेबांना बसव, असं दोघंतिघं म्हणाले. उगाच धोका कशाला? बारक्याने डोळे मिटून हिशेब केला. छत्तीसांत एक. हा काही धोका नव्हे. त्याने फासे टाकले, अकरा आले, दादा दुसऱ्यांदा कुंपणाबाहेर. मावशींनी पितळी चाक स्वतःच्या हाताने बारक्याच्या गळ्यात घातलं. ते गळ्यात घालायचं नसतं, पण मावशींनी पहिल्यांदाच कुणाला दिलं होतं, त्यांना पद्धत माहीत नव्हती. दादाने बारक्याला उचलून धरलं. खरंच उचललं, जमिनीवरून. बारक्या म्हणत होता, सोड, सोड रे, खाली ठेव. सगळ्यांना वाटलं लाजतोय.

रविवारी हंगामातला पहिला खरा सामना होता. काकांनी कपडे बदलायच्या खोलीत कार्डं पसरली, अंक बघितले आणि संघ वाचला. कॅचर, दादा. मग त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं की कुणाला काही सांगायचंय का. हा प्रश्न ते दर सामन्याला विचारतात आणि कुणी कधी काही सांगत नाही. बारक्या राखीव खेळाडू, तो कोपऱ्यात होता. तो खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधू लागला. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या, पट्टे होते. तो तरी बराच वेळ बांधत होता.

बाहेर वहिनी धावफलकाच्या खुर्चीवर बसली होती. तिने खेळाडूंची नावं उतरवून घेतली, कॅचरचंही.

तिसऱ्या डावात समोरच्या संघाचा एकजण चेंडू टाकला जात असताना चोरून दुसऱ्या बेसकडे, म्हणजे पुढच्या टप्प्याकडे, पळाला. दादाने चेंडू झेलला, फेकायला उसळून उठला, आणि अर्ध्यावरून खाली आला. चेंडू मात्र गेला, सरळ, आणि तो पळणारा बाद झाला. लोकांनी आधी त्यासाठी टाळ्या वाजवल्या. मग त्या थांबल्या.

बारक्या सगळ्यांच्या आधी पोचला. दादा पाठीवर पडला होता, तोंड चादरीसारखं पांढरं, गुडघा भलत्याच दिशेला विचार करत असलेला. त्याने बारक्याला बघितलं आणि दात ओठांत रोवून हसण्यासारखं काहीतरी केलं.

"एकच होता ना रे अंक?" तो म्हणाला. "बघ, नेमका एक आला."

पुढचं थोडक्यात सांगता येतं. डॉक्टरांनी उघडलं, शिवलं, बंद केलं. चालता येईल, म्हणाले, हळूहळू. बसून उठणं नाही, ओझं नाही, जिने शक्यतो नाहीत. गाडीवर दुसरा माणूस आला. दादाला घड्यांच्या टेबलाशी स्टुलावर बसवलं, पाय दुसऱ्या स्टुलावर. तिथे तो उशांचे अभ्रे दुमडतो. अर्ध्या आयुष्यात त्याने कधी एका जागी बसून काही केलं नव्हतं, त्यामुळे त्याची घडी चौकोनी येत नाही. मावशी कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने त्या घड्या उलगडून पुन्हा घालतात.

बारक्या मेल्याहून मेल्यासारखा झाला. आधी त्याने ते पितळी चाक मळक्या चादरींच्या पिशवीत कोंबलं. दुसऱ्या दिवशी ते धुऊन, पुसून, पावती लावून परत आलं. या कारखान्यातून आजवर काही हरवलेलं नाही, याचा सगळ्यांना अभिमान आहे. मग तो समितीकडे गेला आणि म्हणाला, माझा विजय रद्द करा, अंक खोटा होता, मला माहीत होतं.  काकांनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. हजेरीसाहेब म्हणाले, रद्द करायची तरतूद नाही. मावशींची खुर्ची या वेळी सरळ होती, पण त्यांनी ती हळूच भिंतीकडे फिरवली. तेव्हा सगळ्यांचं एकदम ठरलं, न बोलता, की सामना झालाच नाही. कारण बारक्याने नुसता अर्ज केला होता. त्या अर्जावर माना डोलावणारे, हुं म्हणणारे, काटा थरथरताना बघणारे ते होते. एकाला लाज वाटली असती तर तिचं काहीतरी करता आलं असतं. सगळ्यांनाच वाटत होती.

दादाशी तो एकदाच बोलला. दादा खाटेवर होता, पाय उशांवर, आणि बारक्या पायाशी उभा. मला माहीत होतं, असं त्याने सांगितलं. भिंतीतून ऐकलं होतं सगळं, तरी अर्ज केला. दादाने मानेखालची उशी सरळ केली.

"मलाही माहीत होतं," तो म्हणाला. "गुडघा माझा, भिंत माझी. तू कशाला मधे येतोस? सगळं श्रेय तुलाच हवं का?"

आणि मग पाणी मागितलं. बारक्याला वाटलं होतं की दोन थोबाडीत बसतील. त्या बसल्या असत्या तर बरं झालं असतं. दादाने त्याला शिक्षा दिली नाही, दोषातला वाटाही दिला नाही.

वहिनीने तर काहीच म्हटलं नाही. ती त्याचं ताट वाढते, त्याच्या सदऱ्याचं बटण तुटलं तर लावून ठेवते. फरक एकच. इतकी वर्षं ती त्याला जिन्याखालून ए बारक्या, ऊठ मेल्या, अशी हाक मारायची. त्या रविवारपासून ती म्हणते, भावोजी, उठलात का? भावोजी, तुम्हाला चहा ठेवू? आवाज अगदी गोड. नातं तेच, शब्द योग्य, कुणी नावं ठेवणार नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बारक्याने मागे वळून बघितलं की कोण पाहुणा आलाय.

एका सकाळी तो पायरीवर बसलेला असताना ती वरून खाली आली. तो म्हणाला, वहिनी, एकदा तरी शिव्या दे. ती थांबली. पदराला टोचलेली सुई तिने काढून परत नीट टोचली.

"तुम्ही मला आधार विचारलात, भावोजी," ती म्हणाली. "यांच्या शपथेपायी मला चारचौघांत खोटं बोलावं लागलं. तुम्हाला ते पडताळूनच बघायचं होतं, की मी सांगते का. नाही सांगितलं मी. झालं."

आणि ती कामाला निघून गेली, कारण भोंगा झाला होता.

बारक्या तिथेच बसून राहिला. त्या दिवशी तो कामाला उशिरा पोचला. जेवणाच्या सुट्टीत तो टेबलाकडे गेला नाही. वजनाच्या खोलीत जाऊन त्याने समितीच्या नावे पुढील अर्ज लिहिला आणि काकांच्या हातात दिला. काकांनी तो वाचला, घडी घातली, उघडून पुन्हा वाचला आणि हजेरीसाहेबांकडे दिला. हजेरीसाहेबांनी त्यावर आवक शिक्का मारला. दुसरं काय करायचं ते कुणालाच सुचेना.

प्रति,
मा. अध्यक्ष, दुखापत समिती,
धुलाई कारखाना.

विषय: दुखापत वर्ग करून मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार आपल्या निदर्शनास आणू इच्छितो की, रविवारच्या सामन्यात अर्जदाराच्या वडील बंधूंच्या उजव्या गुडघ्यास झालेली दुखापत ही अर्जदाराने केलेल्या दुरुस्तीच्या मागणीमुळे चुकीच्या व्यक्तीच्या नावे पडलेली आहे. बंधूंना सदर गुडघ्याची कामावर, मैदानावर व घरी नित्य गरज असते. अर्जदाराचा उजवा गुडघा चालू स्थितीत असून तो बहुतांश वेळ वाळवणी यंत्रासमोर नुसता उभा असतो. त्यास कोणतीही मागणी नाही. घरातून या बदलास हरकत येणार नाही, अशी अर्जदाराची समजूत आहे. तथापि विचारण्याचे धाडस झालेले नाही.

तरी सदर दुखापत, तिच्या सर्व टाक्यांसह व पुढील वेदनांसह, बंधूंच्या गुडघ्यावरून कमी करून अर्जदाराच्या गुडघ्यावर वर्ग करण्यात यावी, व तसे झाल्याचे उभय गुडघ्यांस लेखी कळवण्यात यावे, ही नम्र विनंती.